सरकलेला रफार

दातांच्या डॉक्टरांच्या घरी बंडखोरी काचेमागे राहत असे, आणि तिला ऊन लागू द्यायचं नाही असा घरचा नियम होता.

डॉक्टर पंकची पोस्टरं जमवायचे. पंक ही त्यांच्या तरुणपणी येऊन गेलेली लाट. केस खिळ्यांसारखे उभे, कपडे मुद्दाम फाडलेले, कानात सेफ्टी पिना, आणि कुणाचं म्हणून काही ऐकायचं नाही हा बाणा. ही मंडळी आपल्या गाण्यांच्या कार्यक्रमांची आणि चित्रप्रदर्शनांची पोस्टरं घरीच करत. वर्तमानपत्रातली अक्षरं कापायची, वेडीवाकडी चिकटवायची, झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढायच्या आणि खळ लावून दिसेल त्या भिंतीवर मारायच्या. आठवडाभरात त्यांच्यावर कुणीतरी दुसरं काही चिकटवलेलं असे. पोस्टरं टिकावीत असं ती करणाऱ्यांना कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरांना मात्र फार वाटे.

पाहुण्यांची खोली त्यांनी पोस्टरांना देऊन टाकली होती. काळ्या चौकटी, उन्हाचा त्रास न होऊ देणारी महाग काच, जाड दुहेरी पडदे. सासूबाई राहायला आल्या की त्यांना त्याच खोलीत झोपावं लागे. सासूबाईंना सकाळचं ऊन हवं असे, पोस्टरांना नको असे. डॉक्टर जावई म्हणून फार चांगले होते, पण या बाबतीत ते पोस्टरांच्या बाजूने होते. चौकटींना हात लावायचा तर ते दवाखान्यातले हातमोजे घालत. भूगोल शिकवणारी त्यांची बायको दारात उभी राहून म्हणे, "अहो, 'सरकार पाडा' जरा डावीकडे झुकलंय." मग डॉक्टर खिशातून छोटा पेचकस काढत आणि 'सरकार पाडा' सरळ करत.

स्वभावाने डॉक्टर असे होते की रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी पायी जाताना लाल दिव्याला थांबत. बायको पलीकडे जाऊन त्यांची वाट बघत उभी राहायची.

शहरात असा छंद असणारे आणखी काही जण होते. त्यांचं 'मुक्त पोस्टर संग्राहक मंडळ' होतं. मंडळाला घटना होती, घटनेला पोटनियम होते, आणि बैठकीला उशिरा येणाऱ्याने मागे उभं राहायचं असा दंडक होता. अध्यक्ष एक वकील होते. वकिलांचा आवाज खर्जातला, आणि ते 'अराजक' हा शब्द असा उच्चारत की जणू ते त्यांच्या मालकीचं घर आहे.

मंडळाचं सगळ्यात लाडकं पोस्टर पिवळ्या कागदावरचं होतं. साबणाच्या बंद पडलेल्या कारखान्यात, गोदामात भरलेल्या एका प्रदर्शनाचं. काळ्या, उड्या मारणाऱ्या अक्षरांत त्यावर लिहिलं होतं: 'प्रर्दशन बंद आहे.' आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरात: 'आत या.' कोपऱ्यात एक कात्री काढलेली होती, तिचं एक पातं दुसऱ्यापेक्षा आखूड. हे पोस्टर करणारी मुलगी कात्री याच नावाने ओळखली जाई. तिचं पुढे काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे मंडळाला सगळं ठाऊक होतं. ती घर सोडून गेली. ती परदेशी तुरुंगात होती. ती तिशीच्या आत वारली. वकिलांकडच्या प्रतीवर खालच्या बाजूला तपकिरी डाग होता, तो मंडळाच्या मते रक्ताचा होता. अक्षरं कापताना बोट कापलं, तरी ती थांबली नाही.

आणि तो रफार. 'प्रदर्शन' शब्दात रफार 'श'वर बसतो, इथे तो 'द'वर बसला होता. वकिलांनी या एका रफारावर आख्खी पुस्तिका लिहिली होती. तिचा सारांश असा: रफार हा शब्दाचा मुकुट आहे, आणि कात्रीने तो व्यवस्थेने ठरवलेल्या डोक्यावरून उचलून भलत्याच डोक्यावर ठेवला. शुद्धलेखनावर एवढा धाडसी हल्ला दुसरा झालेला नाही. पुस्तिकेत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. वकिलांनी ती चार वेळा तपासून घेतली होती.

डॉक्टरांकडे या पोस्टरची मूळ प्रत होती, आणि वकिलांकडेही. आणखी काही सभासदांकडे फाटक्यातुटक्या प्रती होत्या. डॉक्टरांची सगळ्यात स्वच्छ होती. ती घरी अंधारात असे. दवाखान्यात खुर्चीसमोरच्या भिंतीवर त्यांनी तिची रंगीत झेरॉक्स लावली होती, म्हणजे दाढ कोरली जात असताना माणसाला बघायला काहीतरी राहील.

एके दिवशी दुपारी त्या खुर्चीत एक बाई येऊन बसल्या. गाडी शिकवण्याचा वर्ग चालवायच्या. भरदार अंग, पांढरे आखूड केस, आवाजात हुकूम. दाढेचा तुकडा उडाला होता. "सुपारी फोडत होतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. एका शिकाऊ बाईने ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं. मी दात आवळले."

डॉक्टरांनी कापूस कोंबला, नळी लावली, काम सुरू केलं. अर्ध्यातच बाई समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून घशातून आवाज काढायला लागल्या. डॉक्टरांना वाटलं दुखतंय, त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. तरी आवाज चालूच. शेवटी त्यांनी कापूस काढला.

"ते माझं आहे," बाई अर्धवट बधिर तोंडाने म्हणाल्या.

"पर्स तुमच्या मांडीवरच आहे."

"पर्स नाही. ते पिवळं. ते मी केलंय."

डॉक्टरांच्या हातातलं यंत्र थांबलं. बाईंनी उरलेलं सगळं एका गालाने सांगितलं. दादाचा बँड होता. तीन जण, एकालाही वाजवता येत नव्हतं. कापाकापी बाईंकडे असायची, म्हणून दादाचे मित्र त्यांना कात्री म्हणायचे. दादा आता इमारतींना लिफ्ट बसवून देतो आणि वाद्याला हात लावत नाही, शेजाऱ्यांवर उपकार.

"आणि ती चूक आहे ना," बाई म्हणाल्या, "ती माझ्या डोक्यातून अजून जात नाही. आई जाईपर्यंत टोमणे मारायची. म्हणायची, सगळ्या गावाच्या भिंतींवर चूक चिकटवून आलीस. लाज वाटायची हो मला त्या रस्त्याने जायची. पेन आहे का?"

"कशाला?"

"सुधारते."

ही झेरॉक्स आहे, असं डॉक्टर म्हणाले खरे, पण दोन्ही हात पसरून ते भिंतीपुढे उभे राहिले. मग त्यांनी बाईंना औषधाच्या चिठ्ठीचा कोरा कागद दिला आणि कोपऱ्यातली ती खूण काढून दाखवायला सांगितली. बाईंनी न बघता कात्री काढली. एक पातं आखूड.

संध्याकाळी डॉक्टर घरी आले ते चपला न काढताच सोफ्यावर बसले. बायको समोर येऊन उभी राहिली.

"काय झालं? कुणी वारलं का?"

"नाही. तोच तर घोळ आहे. वारली नाही ती."

त्यांनी सगळं सांगितलं. बायकोने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "अहो, ज्या माणसाचा फोटो मिळावा म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं धडपडताय, ते माणूस स्वतःच्या पायांनी चालत आलं, तोंड उघडून बसलं. मग चेहरा असा का?"

"ती गाडी शिकवते," डॉक्टर म्हणाले. "सिग्नल दे, आरसा बघ, रांग सोडू नकोस. दिवसभर हेच."

"मग तुमचं तिचं छान जमेल."

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे ही बातमी मंडळाला कळवली. महिनाअखेरीस शहराच्या कलादालनात मंडळाचं मोठं प्रदर्शन होतं. त्याचं नाव 'नियम नाहीत' असं ठरलं होतं, आणि त्याच्या नियमांची पाटी रंगवून तयार होती. अशा वेळी कात्री जिवंत सापडली तर सभासद नाचतील, असं डॉक्टरांना वाटलं होतं. पण बातमी ऐकून एकाने चष्मा पुसला, दुसऱ्याने पाणी मागवलं. वकील म्हणाले, "बोलवा. बघू."

बाई आल्या त्या वेळेआधी आल्या. आल्याआल्या त्यांनी विचारलं, "बाहेर ती राखाडी गाडी कुणाची? अर्धी फूटपाथवर चढवलीय." गाडी वकिलांची होती. तिथेच अर्धी बाजी उलटली.

वकिलांनी उलटतपासणी घ्यावी तशा मुद्देसूद पद्धतीने प्रश्न विचारले. रक्ताच्या डागाबद्दल काय सांगाल? बाई म्हणाल्या खोकल्याचं औषध असेल. थोड्या वेळाने म्हणाल्या चहा असेल. मग म्हणाल्या, "अहो, तेव्हा आमच्या सगळ्याच वस्तूंना डाग असायचे." व्यवस्थेविषयी तुमची भूमिका काय होती? भूमिका दादाची होती, मला सुट्टी होती. त्या पोस्टरमागची प्रेरणा? झेरॉक्सवाल्याकडे पिवळा कागद पडून होता, तो त्याला खपवायचा होता. आणि रफार?

"चुकला," बाई म्हणाल्या.

"चुकला की सरकवला?" वकील पुढे झुकले. "नीट आठवून सांगा."

"यात आठवायचं काय? मला वाटायचं तसंच लिहितात."

खोलीत अशी शांतता पसरली, जशी दाढ काढताना चुकीची दाढ निघाल्यावर पसरते. बाईंना बाहेर बसवून मंडळाने ठराव केला. ठरावाची भाषा वकिलांची होती: सदर महिला कात्री असू शकते, परंतु कात्री ही सदर महिला असू शकत नाही. एकट्या डॉक्टरांनी हात वर केला नाही. पण विरोधात मत देण्यासाठीही केला नाही. ते तटस्थ राहिले, आणि तसं इतिवृत्तात नोंदवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर माफी मागायला बाईंच्या वर्गावर गेले. वर्ग म्हणजे एक लांबट गॅरेज. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात टायर, मधे टेबल. बाई एका मुलीला क्लचबद्दल समजावत होत्या. तिला बाहेर पाठवून त्यांनी डॉक्टरांना टायरवर बसायला सांगितलं.

"काल जे झालं ते बरोबर झालं नाही," डॉक्टर म्हणाले.

"मला काय त्याचं. तुमच्या त्या वकिलांनी गाडी नीट लावली की मला पुरे." पण बाईंना ते लागलं होतं हे दिसत होतं. त्या कपड्याने टेबल उगाच पुसत राहिल्या. "एक सांगा डॉक्टर. तुम्ही इतके नीटनेटके. तुम्हाला आमचा कचरा का हवा?"

डॉक्टरांनी हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. ते टायरवर जरा सावरून बसले.

"मी तेव्हा कॉलेजात होतो. रोज त्या कारखान्यावरून जायचो. तुमचे लोक फाटकाशी उभे असायचे, हसायचे, मला त्यांच्याकडे बघायची पण भीती वाटायची. मग ते पोस्टर लागलं. मी ठरवलं, आपण जायचं. परीक्षा तोंडावर होती तरी गेलो. इस्त्री केलेला शर्ट घालून गेलो. दारावर तेच पोस्टर लावलेलं होतं."

"मग?"

"मग काय. बंद आहे असं लिहिलं होतं. मी परत आलो."

बाईंचा हात थांबला. "खाली 'आत या' लिहिलं होतं ना."

"ते फार बारीक होतं. आणि मला वाटलं, बंद म्हटलंय म्हणजे बंद असणार."

बाई खुर्चीत बसल्या.

"आम्ही दिवसभर आत बसून होतो," त्या म्हणाल्या. "दादा, मी, ते दोघे. सगळ्या भिंती भरल्या होत्या चित्रांनी. कुणी आलं नाही. एक कुत्रं आलं आणि आई आली. आईने बाहेरूनच चूक दाखवली आणि मला घरी घेऊन गेली. आम्हाला वाटलं, लोकांना आपलं काम आवडत नाही. दादाने त्याच आठवड्यात बँड मोडला."

"म्हणजे बाकीचे लोकही—"

"वाचून परत गेले असणार. तुमच्यासारखे."

मंडळाने ज्याला शतकातलं सर्वांत प्रभावी पोस्टर म्हटलं होतं ते खरोखरच प्रभावी होतं. लोकांनी ते शब्दशः पाळलं होतं. बाईंना आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग दाढेत कळ आली. डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात यायला सांगितलं.

'नियम नाहीत' प्रदर्शनाच्या उद्घाटनाला चांगली गर्दी जमली. प्रमुख पाहुणे पोलीस खात्यातले निवृत्त अधिकारी होते. त्यांनी भाषणात सांगितलं की तरुणपणी त्यांनी यातली बरीच पोस्टरं स्वतःच्या हातांनी फाडली आहेत, आणि आज ती इतक्या सुरेख चौकटींत पाहून ऊर भरून येतो. टाळ्या पडल्या. दारातल्या पाटीवर लिहिलं होतं: बोलू नये, धावू नये, रेषेच्या पुढे येऊ नये, चित्रांविषयी मत व्यक्त करायचे असल्यास वहीत करावे.

बाई इतर प्रेक्षकांसारख्या रांगेतून आल्या. त्यांनी सावकाश सगळं पाहिलं आणि पिवळ्या पोस्टरपाशी येऊन थांबल्या. डॉक्टरांनी दिलेली ती प्रत मधल्या भिंतीवर, स्वतंत्र दिव्याखाली होती. त्यांनी पर्समधून लाल मार्कर काढला, झाकण दातांनी उघडलं, रेषा ओलांडली आणि 'द'वरचा रफार खोडला.

रखवालदार धावला. वकील मधेच भाषण सोडून आले. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की खोडलं आहे ते काचेवर. वकिलांचा जीव भांड्यात पडला. "पुसून टाका," ते रखवालदाराला म्हणाले. "आणि या बाईंना दाराबाहेर नेऊन सोडा."

बाई जागच्या हलल्या नाहीत. गर्दीत मागे डॉक्टर उभे होते, त्यांच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "डॉक्टर, काच काढा."

ज्या आवाजात त्या 'ब्रेक दाबा' म्हणत, त्याच आवाजात म्हणाल्या. तो आवाज ऐकून पाय आपोआप हलतात असं त्यांचे विद्यार्थी सांगत. पण डॉक्टर पुढे गेले ते आवाजामुळे नव्हे. त्यांना एवढंच दिसत होतं की एक बाई स्वतःच्याच कामासमोर उभी आहे आणि तिला कुणीतरी बाहेर जायला सांगतंय. त्यांना त्या दारावरून परत फिरलेला इस्त्रीचा शर्ट आठवला. त्यांनी खिशातून पेचकस काढला.

"डॉक्टर," वकील हळूच म्हणाले, "हे अंगाशी येईल."

"पोस्टर माझं आहे," डॉक्टर म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे, यांचं आहे."

स्क्रू निघायला वेळ लागला, कारण त्यांनीच ते घट्ट बसवले होते. त्यांनी काच उतरवून भिंतीला टेकवली. हातमोजे नव्हते हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. बाईंनी जुन्या पिवळ्या कागदावर चुकलेला रफार खोडला, 'श'च्या डोक्यावर नवा काढला, आणि मान तिरकी करून पाहिलं. मग चार पावलं मागे गेल्या आणि एक लांब श्वास सोडला.

तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांना वाटलं की हा कार्यक्रमाचाच भाग असावा, आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. निवृत्त अधिकारी टाळ्या वाजवतायत म्हटल्यावर सगळ्यांनीच वाजवल्या. वकिलांनाही दोन-तीन वाजवाव्या लागल्या.

त्या आठवड्यात डॉक्टरांना मंडळाची नोटीस आली. खुलासा मागवण्यात आला, तो त्यांनी मुदतीत दिला, तो असमाधानकारक ठरला आणि त्यांना रीतसर काढून टाकण्यात आलं. त्यांना वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुठून तरी काढलं होतं. बायकोने त्या संध्याकाळी बाहेर जेवायला नेलं. "साजरं करतेस की सांत्वन?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरवलं नाही," ती म्हणाली. "आधी जेवू."

पुढे जे झालं ते मात्र कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. वर्तमानपत्रात त्या लाल रफाराचा फोटो आला. कात्री सापडली, कात्रीने स्वतःच्या हाताने खूण केली, असा बोभाटा झाला. लांबच्या एका संग्रहालयाने विचारणा केली की असं सुधारलेलं पोस्टर आणखी कुणाकडे आहे का. दोनच दिवसांत मंडळाचे सभासद एकेक करून, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, काखेत गुंडाळी घेऊन गाडी शिकवण्याच्या वर्गाकडे वळू लागले. ठरावावर जे हात वर झाले होते तेच आता पोस्टर पुढे करत होते.

बाईंनी सगळ्यांना सुधारून दिलं. त्यांना त्यात मजा यायला लागली होती. गॅरेजच्या दारात त्या सभासदांना ओळीत उभं करत, कुणी रांग मोडली की शेवटी पाठवत. मग त्यांना फोटो काढून घ्यायची सवय लागली. मग मान तिरकी करून फोटो काढून घ्यायची सवय लागली. मुलाखतीत त्या सांगू लागल्या की डाग बहुधा रक्ताचाच असावा.

"आधी तर खोकल्याचं औषध होतं," डॉक्टर म्हणाले.

"लोकांना रक्त आवडतं," बाई म्हणाल्या. "मला काय, मला दोन्ही आठवत नाहीत."

वकील तेवढे गेले नाहीत. त्यांनी आपली प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली, कारण आता चूक शिल्लक असलेलं चांगल्या स्थितीतलं एकमेव पोस्टर त्यांच्याकडेच होतं. त्यांच्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात लिहिलं होतं की कलावंताला आपल्या कृतीचा अर्थ कळतोच असं नाही.

हा धुरळा खाली बसल्यावर एक दिवस बाई डॉक्टरांच्या दवाखान्यात आल्या. दाढेचं काही नव्हतं. "दादाशी बोलले," त्या म्हणाल्या. "त्याच्या माळ्यावर आमची जुनी चित्रं आहेत. वाळवीने काही खाल्लीयत, काही आहेत. माझ्या गॅरेजमध्ये लावू या म्हणते. नवीन पोस्टर करायचंय. हात दुखतात माझे, अक्षरं तुम्ही कापा."

डॉक्टरांनी रविवारभर बसून अक्षरं कापली. शस्त्रक्रियेचं पातं वापरून, पट्टी लावून, कडा इतक्या स्वच्छ की छापल्यासारख्या. बाईंनी ती बघितली आणि नाक मुरडलं.

"हे बँकेच्या जाहिरातीसारखं दिसतंय."

"मला वाकडं येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"शिकवते. मी लोकांना उलटी गाडी घ्यायला शिकवते, त्यापुढे हे काय." त्यांनी पातं काढून घेतलं आणि भाजीची बोथट कात्री हातात दिली. त्यांच्या शेजारी बसून, "हात सैल सोडा, सैल, तुम्ही कुणाच्या तोंडात नाही आहात," असं सांगत त्यांनी कापून घेतलं. तिसऱ्या प्रयत्नाला डॉक्टरांच्या हातून एक 'च' असा निघाला की बाईंनी तो उजेडात धरून पाहिला आणि काही न बोलता चिकटवला. डॉक्टरांनी घरी जाऊन तो 'च' बायकोला तोंडी वर्णन करून सांगितला.

पोस्टरवर या वेळी सरळ लिहिलं होतं: 'चित्रं बघायला चला. गाडी बाहेर लावा.' दुसरं वाक्य बाईंनी हट्टाने घातलं. प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी डॉक्टर बादलीत खळ घेऊन गॅरेजच्या बाहेरच्या भिंतीवर प्रती लावत होते. आत बाई आणि त्यांचा दादा कोणतं चित्र कुणी काढलं यावरून वाद घालत होते. मंडळातलं कुणी येणार नव्हतं, कारण सभासदांनी तिथे जाऊ नये असं परिपत्रक निघालं होतं.

डॉक्टर कोपऱ्यावरून परत आले तेव्हा वकील भिंतीपाशी उभे होते. अंगात कोट, आणि दोन्ही हातांच्या चिमटीत नव्या पोस्टरची वरची कड. अर्धं पोस्टर भिंतीवरून सुटलं होतं.

"वकीलसाहेब," डॉक्टर म्हणाले.

"मी फक्त बघत होतो," वकील म्हणाले. खळ त्यांच्या बाहीत उतरत होती. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ओलं आहे. घडी पडेल का?"

"घडी घालूच नका. दोन्ही तळहातांवर आडवं धरा." डॉक्टरांनी पुढे होऊन खालची बाजू अलगद सोडवून दिली. "घरी गेल्यावर लगेच दाबू नका. आधी वारा लागू द्या. पंख्याचा नको, नुसता."

"आभारी आहे." वकिलांनी पोस्टर तळहातांवर तोललं. "ही पहिली प्रत ना?"

"तिसरी. पहिल्या दोन मी आत्ताच त्या कोपऱ्यावर लावल्यात."

वकिलांनी कोपऱ्याकडे पाहिलं.

"आत येता का?" डॉक्टरांनी विचारलं. "सगळी मूळ चित्रं आहेत. दादाही आलेत."

"यायला हवं होतं," वकील म्हणाले, आणि ते खरं बोलत आहेत असं डॉक्टरांना वाटलं. "पण परिपत्रकावर सही माझीच आहे." मग ते ओलं पोस्टर दोन्ही हातांवर धरून, कोपऱ्याच्या दिशेने, सांभाळून पावलं टाकत निघून गेले.

आतून बाईंनी विचारलं, "कोण होतं?"

"एक जण पोस्टर काढून घेऊन गेला."

"मग दुसरं लावा."

डॉक्टरांनी ब्रश उचलला. त्यांना राग आला नव्हता, याचंच त्यांना जरा नवल वाटत होतं. ते नवी प्रत भिंतीवर पसरत असताना एक बाई रस्ता ओलांडून आल्या, पिशवी सावरत, जरा संकोचून.

"गाडी शिकवतात ते इथेच का?" त्यांनी विचारलं. "चौकशी करायची होती."

"इथेच," डॉक्टर म्हणाले. "बाई आतच आहेत. या ना."

त्या आत गेल्या. बराच वेळ झाला तरी बाहेर आल्या नाहीत. डॉक्टरांनी खळीचे हात पँटला पुसले आणि ते आत डोकावले. त्या बाई चौकशी विसरून, पिशवी टायरवर ठेवून, वाळवीने एक कोपरा खाल्लेल्या एका चित्रासमोर उभ्या होत्या, आणि दादा त्यांना ते चित्र आपणच काढलं असं खोटं सांगत होता.